ओढ्यातले युद्धकैदी

निवृत्त शिक्षकांच्या आठवणींत सुरुवातीला एक थोर गुरू असतो, मध्ये परदेशी गेलेला विद्यार्थी असतो आणि शेवटी निरोपाची शाल असते. मलाही शाल मिळाली. ती कपाटात ठेवली होती, तिला कसर लागली. तिच्याबद्दल एवढं पुरे. माझी नोकरी ज्यांच्यामुळे टिकली ते किडे वेगळे, आणि मी लिहिणार आहे ते त्यांच्याविषयी.

मी मूळची साताऱ्याची. सत्तरच्या दशकाच्या मधल्या काळात बी. एस्सी., बी. एड. होऊन कुंडलच्या अलीकडच्या एका गावात हायस्कूलवर शास्त्राची शिक्षिका म्हणून लागले. नेमणूक एका वर्षापुरती. शिक्षणखात्याच्या साहेबांची तपासणी चांगली झाली तर कायम, नाही तर एप्रिलात नारळ. बाबांनी मला पाठवतानाच अट घातली होती, "वर्षात कायम झालीस तर नोकरी कर. नाही झालीस तर काकांनी आणलेलं स्थळ." स्थळ साताऱ्यातल्याच एका कचेरीत होतं. मला बघायला आले तेव्हा त्यांनी तासभर, आवक टपाल आणि जावक टपाल यांत फरक काय, हे मला समजावून सांगितलं. मनुष्य सज्जन होता. त्याच्याविषयी याहून जास्त काही सांगता येत नव्हतं आणि हीच माझी अडचण होती. तेव्हा त्या वर्षी माझ्या दृष्टीने तपासणी म्हणजे जन्ममरणाचा प्रश्न होता.

आमच्या हेडसरांना पाट्यांची फार हौस. शाळेत परिसरातल्या औषधी वनस्पती शिकवाव्यात असं वरून आलं, तेव्हा त्यांनी आधी पाटी रंगवून घेतली, 'औषधी वनस्पती उद्यान', आणि ती रस्त्याकडे तोंड करून लावली. रोपं मागाहून आली. प्रत्येक रोपाशेजारी पत्र्याची छोटी पाटी. अडुळसा: खोकला. निरगुडी: सांधेदुखी. गुळवेल: ताप. मुलांनी पाठ करावं हा हेतू. मुलांनी पाठ करायच्या आत गावानं वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत पेशंट येऊ लागले.

त्यात शेवंताआक्का पहिल्या. साठी उलटलेल्या, गुडघे धरलेले, आवाज मात्र अजून पलीकडच्या मळ्यात ऐकू जाईल असा. दर बाजाराच्या दिवशी त्या निरगुडीचा पाला न्यायला यायच्या. मी एकदा म्हटलं, "आक्का, तुमच्या बांधावर तर निरगुडीचं रान माजलंय. एवढं चालत कशाला येता?"

"आवं बाई, बांधावरली हाय की. पन ती अडानी. ही शाळंत शिकल्याली हाय."

बी. एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र होतं, आक्कांसाठी काही नव्हतं.

मग एके दिवशी शाळेला सुट्टी असताना शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्या कुंपणातून आत आल्या आणि त्यांनी उद्यान मुळापर्यंत संपवलं. पाट्या तेवढ्या राहिल्या. मी तरातरा निघाले, मालकाला चांगलं फैलावर घ्यावं म्हणून, तर तोच धापा टाकत समोरून आला.

"बाई, शेळीनं तुमचं समदं औषध खाल्लंया. आता तिला काय हुईल?"

"खोकला होणार नाही, ताप येणार नाही आणि सांधे दुखणार नाहीत."

"मंग लय झ्याक झालं की!" म्हणून तो समाधानानं परत गेला. माझा राग तसाच माझ्यापाशी राहिला.

हेडसरांना घाम फुटला. तपासणी संक्रांतीनंतर, आणि उद्यानात नुसत्या पाट्या. त्यांनी मला बोलावलं. "बाई, औषधी वनस्पतींवर काही तरी करा. मात्र शेळी पोचणार नाही अशा ठिकाणी." आता शेळी पोचणार नाही अशी जागा त्या गावात एकच होती. ओढ्याच्या पाण्याखाली. आणि नेमकं तिथं करण्याजोगं काम मला ठाऊक होतं.

कॉलेजात असताना आमच्या सरांनी एकदा वाहत्या ओढ्यातून एक पान उचलून दाखवलं होतं. हिरवं काही उरलेलं नव्हतं. शिरांची नुसती जाळी, भरतकाम केल्यासारखी. हे कुणी केलं? नुसत्या पाण्यानं नाही. पान ओढ्यात पडलं की पहिल्यांदा त्याचा रंग उतरतो, चहाच्या पुडीसारखा. मग त्यावर बुळबुळीत थर चढतो, ती बुरशी आणि सूक्ष्म जंतू. तो थर चढला की पान मऊ होतं, आणि मग पानखाऊ मंडळी येतात. पाण्यातल्या अळ्या, गोगलगायी, खेकडे. त्यांना पानापेक्षा वरचा थर आवडतो. आपण ठेच्यासाठी भाकरी खातो, तसं ते थरासाठी पान खातात. त्यांनी पानाचा भुगा केला की तो भुगा पुढे वाहत जातो आणि त्यावर खालच्या अंगाचे आणखी बारके जीव जगतात. ओढा पिढ्यान्पिढ्या असा पानांवर पोसलेला असतो आणि त्याच्या काठी बसून धुणं धुणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

मी ठरवलं, नववीच्या मुलांना घेऊन हेच बघायचं. उंबर आणि करंज ही काठावरची पानं, आणि त्यांच्या जोडीला अडुळसा, निरगुडी, कडुनिंब ही औषधी. माणसाला जे कडू लागतं ते किड्यालाही कडू लागतं का? की त्याला औषधाचं काही वाटत नाही? मला उत्तर माहीत नव्हतं. पुस्तकातही नव्हतं, म्हणून तर मजा होती.

रीत सोपी. पानं पिशव्यांत भरायची, पिशव्या दोरीनं दगडाला बांधून ओढ्यात सोडायच्या. पिशव्या दोन तऱ्हांच्या. एक बारीक जाळीची, तिच्यात किडा शिरू शकत नाही. दुसरी मोठ्या भोकांची, तिच्यात शिरू शकतो. दोन महिन्यांनी दोन्ही उघडायच्या. फरक जो दिसेल तो किड्यांच्या जेवणाचा. मोठ्या भोकांसाठी कांद्याची पोती मिळाली. बारीक जाळी कुठून आणायची? ती सुभेदारतात्यांनी दिली.

सुभेदारतात्या म्हणजे फौजेतून पेन्शन घेऊन आलेले आणि शाळेच्या समितीवर असलेले गृहस्थ. अंगानं काटक, मिशी टोकदार, आणि शाळेची घंटा झाली की आपल्या अंगणात सावधान होणारे. समितीवर इतर लोकही होते, पण ते बैठकीपुरते. तात्या रोज यायचे. फळा काळा आहे का, मडक्यावर झाकण आहे का, हेडसर वेळेवर आले का. त्यांनी आपली फौजेतली मच्छरदाणी आणून माझ्या टेबलावर ठेवली. "पार आसामात वापरलीया. अजून एक टाका तुटला न्हाई. काय काम हाय तिचं?"

मी सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी ऐकलं, मिशीवरून हात फिरवला. "समजलो. म्हंजे एक चौकी बंद, एक खुली. दुश्मन खुलीतनं घुसनार."

"दुश्मन नाही हो तात्या. त्यांना आपण जेवायलाच बोलावतोय."

"तुमी शास्त्रात बोला, बाई. जवानाला समजलं."

मी तिथंच थांबून नीट समजवायला हवं होतं. पण मच्छरदाणी फुकट मिळत होती.

पिशव्या दिवाळीच्या सुट्टीनंतर ओढ्यात सुटल्या आणि तात्यांनी काठावर पहारा सुरू केला. दर दोनेक आठवड्यांनी शनिवारी मुलं आणि मी एखादी पिशवी उघडायचो. पानं काळसर, चिकट, कडा कुरतडलेल्या. एका अळीवर तर सगळा वर्ग फिदा झाला. ही अळी पानाचे बारके तुकडे कापते, आपल्या लाळेच्या दोऱ्यानं जोडते आणि त्याची नळी करून आत राहते. चालताना घर पाठीवर. मुलांनी तिला 'बिऱ्हाडवाली' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे माझ्याही तोंडात तेच बसलं.

एक दिवस तात्या शेवंताआक्कांना घेऊन वर्गाच्या दारात आले. आक्कांच्या ओच्यात काही तरी हलत होतं.

"बाई, फितुरी पकडली. खुल्या चौकीतला खेकडा काढत हुती म्हातारी."

आक्का अजिबात ओशाळल्या नव्हत्या. "काढला तर काय झालं? निरगुडी खाल्ल्याला खेकडा हाय. कालवन केलं की दोनी गुन येकदम मिळत्यात. माझं गुडगं बगा की जरा, बाई, ह्यो काय बगतोय मिशीवाला?"

खेकडा जप्त झाला. आक्का जाताना म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई, रस्सा तरी शाळंतल्या पोरांस्नी द्या." मुलांचं त्या दिवशी शास्त्रात लक्ष लागलं नाही, सगळे रश्श्याचा विचार करत होते.

जरा आजचंही सांगते. तो ओढा मी अलीकडे पाहिला. दोन्ही काठांना ऊस, काठावरचे उंबर गेलेले, पाण्यावर खतानं माजलेली हिरवी साय. दगड उलटले, बिऱ्हाडवाली एकही दिसली नाही. मला वाईट वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही. त्या मुलांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते त्यांच्या नातवंडांना चित्रात दाखवावं लागणार.

तर तपासणी आली. आदल्या दिवशी मी तक्ते रंगवत होते, हात शाईनं निळे झालेले. तात्या दारात येऊन म्हणाले, "बाई, तुमी आतलं बगा. वड्याची फिकीर सोडा. तिकडं म्या हाय." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

साहेब सांगलीहून आले. जाडसर, शांत, सतत पोटावर हात ठेवणारे. पित्ताचा त्रास होता हे पाचवीच्या वर्गालाही कळलं. हेडसरांनी त्यांना उद्यानाच्या बाजूनं नेलंच नाही, थेट ओढ्याकडे वळवलं. बांधावरून मी खाली बघितलं. काठावरचे सगळे दगड निम्मे गेरूनं आणि निम्मे चुन्यानं रंगवलेले होते. दोन्ही बाजूला रांगोळी. दोऱ्या नव्या, पिशव्या धुऊन लख्ख. आणि तात्या छातीवर पदकं लावून ताठ उभे.

"वा!" साहेब म्हणाले.

"सगळं मुलांच्या श्रमातून," हेडसर म्हणाले.

तात्यांनी कांद्याच्या पोत्याची पहिली पिशवी काढली आणि साहेबांसमोर उघडली. आतून निघाली ती हिरवीगार, टवटवीत, पुसून ठेवलेली पानं. उंबराच्या देठाला पांढरा चीक अजून ओला होता.

"किती दिवस पाण्यात आहेत ही?" साहेबांनी विचारलं.

"दोन महिने, साहेब!" हेडसरांचा आवाज आनंदानं चिरकला. त्यांना प्रयोग कधीच नीट कळला नव्हता. "दोन महिने, आणि एक पान सडलेलं नाही. औषधी गुण, साहेब! तो सगळा या पाण्यात उतरलाय. गावात पोटाची तक्रार नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी उत्साहाच्या भरात टाकलं. पण साहेबांनी नेमकं तेच उचललं. "पोटाची?" म्हणून ते वाकले आणि त्यांनी ओढ्याच्या पाण्यात ओंजळ घातली.

एका क्षणात मला दोन गोष्टी दिसल्या. एक, मी गप्प बसले तर कायम होते. दोन, वरच्या अंगाला वळणावर गावच्या म्हशी डुंबत होत्या आणि त्यांतली एक नुकतीच शेपटी वर करून उभी राहिली होती. ओंजळ साहेबांच्या ओठाशी आली.

"साहेब, पिऊ नका!" मी ओरडले. "वर म्हशी आहेत! आणि पाण्यात औषध नाही. ही पानं आजची आहेत!"

ओंजळीतलं पाणी साहेबांच्या धोतरावर सांडलं. हेडसरांनी डोळे मिटून घेतले. मला साताऱ्यातलं आवक-जावक टपाल डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

साहेब तात्यांकडे वळले. "ही पानं कुणी भरली?"

तात्यांनी खाडकन टाच जुळवली. "मैंने, साब! पानं पार सडल्याली. कुनी कुरतडल्याली, कुनी भोकं पाडल्याली. बुळबुळीत घान. मोठा साहेब मुआयन्याला येनार आन पिशवीत किडं? आमच्या पलटनीत असलं चाललं नसतं. सकाळी समद्या पिशव्या धुतल्या, सडकं फेकून दिलं, ताजा माल भरला."

"तात्या," मी म्हणाले, "तो सडका मालच माझा प्रयोग होता हो."

तात्यांचा चेहरा पडला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पण ते फौजी गडी. क्षणात सावरले, वळले आणि करंजाच्या सावलीतून एक बादली उचलून आणली. "पन कैदी जिवंत हायत, बाई. एकाला बी इजा केली न्हाई. कैद्याला मारायचं नसतं, रेशन द्यायचं असतं. म्या दिलं. ताजी पानं टाकली, कुनी तोंड लावलं न्हाई. मंग भाकरी टाकली. ती फकस्त खेकड्यानं खाल्ली. बाकीच्यांचा बहिष्कार हाय."

साहेब बादलीपाशी गेले. मग उकिडवे बसले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. बादलीच्या तळाशी बिऱ्हाडवाली आपलं घर ओढत भाकरीच्या तुकड्याला वळसा घालून चालली होती.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. पानाचे तुकडे कापून घर कसं शिवते, ते सांगितलं. ताजं पान ती का खात नाही, वरचा थर का लागतो, बारीक जाळी कशाला आणि मोठी कशाला. आता घाबरायला काही उरलेलं नव्हतं म्हणून असेल, पण आयुष्यात मी इतका चांगला तास घेतलेला नाही. मुलं मधे मधे बोलत होती, साहेब मान वर न करता ऐकत होते. हेडसरांनी दोनदा "साहेब, गृहशास्त्राचा वर्ग..." म्हणून पाहिलं. साहेबांनी हातानेच थांबवलं.

"बरं," ते शेवटी म्हणाले, "मग आधी कोणतं पान खातात हे? औषधी की उंबर?"

"माहीत नाही, साहेब."

"म्हणजे?"

"आज पिशव्या उघडून, पानं ताडून बघणार होतो. तात्यांनी कळू दिलं नाही."

मागे एक मुलगी फिसकन हसली. साहेब हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, हे मला तेव्हा दिसलं. "मग पुन्हा बांधा पिशव्या. दोन महिन्यांनी कळवा मला."

"नाही जमणार. हा ओढा माघात आटतो. आता पाऊसकाळ सरल्यावर, पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी कळवा."

"पुढच्या वर्षी मी नसणार, साहेब. माझी नेमणूक एप्रिलपर्यंत आहे."

साहेब उठले. गुडघे कटकन वाजले. हेडसरांकडे बघून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग मला कोण सांगणार? तुम्ही?"

हेडसरांनी बादलीत पाहिलं. खेकड्यानं नांगी वर केली. "नाही, नाही," ते घाईघाईनं म्हणाले, "बाईच सांगतील. बाई असतीलच की. आम्ही त्यांना सोडतोय कुठे!"

मी बांधावर बसले ती बसलेच. सगळे गेल्यावर तात्या जवळ आले, टोपी हातात. "बाई, माझ्यापायी तुमचं दोन महिन्याचं काम बरबाद झालं. काय शिक्षा द्यायची ती द्या."

"आवं तात्या," मी म्हणाले, माझ्या तोंडून पहिल्यांदाच तिकडची बोली निघाली, "काम पुरं झालं असतं तर साहेब शाबास म्हणून निघून गेले असते आन मी साताऱ्याला. तुमी धुतलं म्हणून मी राहिले."

तात्यांना हे पटलं नाही. त्यांनी स्वतःच स्वतःला शिक्षा म्हणून आपल्या कैद्यांना एकेक करून ओढ्यात सोडलं. सोडताना प्रत्येकाला 'जाव' म्हणत होते.

त्या शनिवारी मी एस. टी.नं साताऱ्याला गेले. काका येऊन बसले होते, साखरपुड्याच्या बोलण्यासाठी पंचांग घेऊन. मी सगळ्यांना सांगितलं की मी कायम होतेय. काकांचा विश्वास बसेना. "असं काय मोठं केलंस तू?"

"साहेबांनी एक प्रश्न विचारला. मला उत्तर आलं नाही. ते उत्तर शोधेपर्यंत मला ठेवणार आहेत."

काकांनी पंचांग मिटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराआड हसत होती. अट बाबांचीच होती आणि ते शब्दाचे पक्के होते. शेवटी त्यांनी मला आत बोलावलं, काकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "मग पोरी, उत्तर शोधायची एवढी घाई करू नकोस."